लोड की लाटणे?

रशियन मालिश-साधनांची माहितीपत्रके आम्ही इंग्रजीत करतो, असे सांगितले की घरी आलेले पाहुणे आधी हसतात. मग कोणीतरी विचारते, "पण त्यात भाषांतर करण्यासारखे असते तरी काय? लाकडाचा रोलर तो, पायाखाली फिरवायचा!" वाचक बंधू-भगिनींनाही असेच वाटत असेल. म्हणून आज आमच्या या धंद्याविषयी थोडे लिहितो.

आम्ही म्हणजे एका घरातली दोन माणसे. एक जण मिलिंदमधून बी.ए. झाला आणि ऐंशीच्या दशकात पुण्याला जाऊन रशियन शिकला. त्या काळी सोव्हिएत पुस्तके दोन-चार रुपयांत मिळत. अण्णाभाऊ साठे 1961 साली तो देश पाहून आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला, तेव्हापासून आपल्या वस्त्यांत रशिया हे नाव परके राहिले नव्हते. दुसरीने तीस वर्षे परिचारिकेची नोकरी केली. 1991 साली सोव्हिएत संघ मोडला आणि भावकीतल्या शहाण्यांनी जाहीर केले की याची रशियन आता चुलीत घालायच्या कामाची. काही वर्षे ते खरेही ठरले. पुढे दोघेही निवृत्त झालो आणि जालना रोडवरच्या एका व्यापाऱ्याचे काम आले. तो परदेशातून मालिशची साधने आणून देशभर विकतो. खोक्यातली माहिती रशियनमध्ये असते आणि त्याला ती इंग्रजीत हवी असते. तेव्हापासून एकाने भाषा पाहायची आणि दुसरीने शरीर पाहायचे, अशी आमची वाटणी आहे. भांडणे होतात. बहुतेक वेळा शरीरवाली जिंकते.

पहिला शब्दच फसवा निघाला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'मासाझोर' असे छापलेले असते. इंग्रजीत 'मसाज' आणि 'मसूर' हे शब्द फ्रेंचमधून आले. मसूर म्हणजे मालिश करणारा पुरुष. रशियननेही शब्द फ्रेंचमधूनच उचलला, पण आज तिथे 'मासाझोर' म्हणजे साधन आणि मालिश करणाऱ्या माणसाला 'मासाझिस्त' म्हणतात. पुढे विशेषण लागते 'रुचनोय', म्हणजे हाताचा. या 'रुचनोय' शब्दाचा दुसरा अर्थ माणसाळलेला, पाळीव. कोश उघडून भराभर शब्द उतरवणाऱ्याच्या हातून 'हाती धरायचे मालिश-साधन' याचे 'पाळीव मालिशवाला' कधी होईल, सांगता येत नाही. संगणकाचे भाषांतर आता बरेच सुधारले आहे, इतका विनोद तेही सहसा करत नाही. पण संगणकाला वस्तू दिसत नाही.

वस्तू न पाहता हे काम होत नाही, हे आम्हाला 'वालिक' या शब्दाने शिकवले. कोशात त्याचे अर्थ लहान रूळ, रंगाऱ्याचा रोलर आणि उशीसारखा गोल लोड. एका पत्रकात लिहिले होते: वालिक मानेखाली ठेवावा. दुसऱ्या पत्रकात: वालिक पाठीवरून फिरवावा. शब्द तोच, पण एक आहे लोड आणि दुसरे आहे लाटणे. इंग्रजीत पहिल्याला बोल्स्टर आणि दुसऱ्याला रोलर म्हणावे लागते. दोन्हींना रोलर म्हटले तर मान दुखणारा माणूस स्थिर पडून राहण्याऐवजी मानेच्या मणक्याखाली ती वस्तू गरगर फिरवू लागेल. आम्ही व्यापाऱ्याला सांगितले, "भाऊ, कागद नको, आधी माल पाठवा." तेव्हापासून प्रत्येक नग घरी येतो, सतरंजीवर मांडला जातो, आणि आम्ही आधी मराठीत त्याचे नाव ठेवतो. मराठीत नाव जमले की इंग्रजी आपोआप सापडते. उलट दिशेने गेलो की घोटाळा होतो.

'बान्की'चे घ्या. साध्या रशियनमध्ये बान्का म्हणजे बरणी किंवा डबा. मालिशच्या खोक्यात त्या सिलिकॉनच्या किंवा काचेच्या वाट्या असतात. कातडीवर लावल्या की हवा ओढून घट्ट बसतात. जुन्या रशियन घरांत सर्दी-खोकल्याला पाठीवर अशा काचेच्या वाट्या लावत. इंग्रजीत याला कपिंग म्हणतात. आपल्याकडे याचे नाव आहे तुंबडी! तुंबडी शब्दच तुंब्यावरून, म्हणजे वाळलेल्या भोपळ्यावरून आला आहे. वैदू समाजाच्या बाया डोक्यावर बोचके घेऊन गल्लीतून ओरडत जायच्या, तुंबडी लावायच्या, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याच्या खांद्यावर ते लाल-जांभळे गोल दिसले आणि जगभर चर्चा झाली. आता आमच्या शहरातही त्याच गोष्टीचे सुशोभित दालनात पैसे मोजून घेतात. वैदूच्या बाईला आम्ही भाकरीचा तुकडा देऊन परत पाठवत होतो. तुंबडीने रोग जातो असे आमचे मुळीच म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की तीच क्रिया इंग्रजी नाव घेऊन आली की ओसरीवरून दिवाणखान्यात येते, आणि करणारी बाई मात्र आहे तिथेच राहते.

मालिशच्या हातांची नावे यापेक्षाही मजेची आहेत. रशियन माणसाने ही नावे स्वतःच्या भाषेत ठेवली. 'पग्लाझिवानिये' म्हणजे हळुवार हात फिरवणे, 'रस्तिरानिये' म्हणजे चोळणे, 'रझमिनानिये' म्हणजे मळणे, 'पकलाचिवानिये' म्हणजे चोपणे. शाळकरी पोरालाही कळावेत असे शब्द आहेत हे. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत मात्र याच क्रियांना एफ्लुराज, पेत्रिसाज, तापोतमाँ अशी फ्रेंच नावे आहेत. मग पत्रकात काय लिहावे? फ्रेंच शब्द वापरले तर प्रशिक्षित मंडळींना कळेल, पण विकत घेणाऱ्या गृहिणीला कळणार नाही. आम्ही साधे इंग्रजी शब्द लिहितो. व्यापाऱ्याला ते 'हलके' वाटतात. त्याच्या मते फ्रेंच शब्दाने मालाची किंमत शंभर रुपयांनी वाढते. असेलही.

आणि ज्या इंग्रजीपुढे आपण दबून बसतो तिने हा व्यवहार आपल्याकडूनही उसना घेतला आहे. शाम्पू हा शब्द हिंदीतल्या 'चाँपना' म्हणजे दाबणे या क्रियापदावरून अठराव्या शतकात इंग्रजीत गेला, आणि त्याचा मूळ अर्थ केस धुणे नव्हता, अंग दाबणे हाच होता. पाटण्याचा शेख दीन महंमद इंग्लंडला गेला, त्याने 1814 च्या सुमारास ब्रायटनला स्नानगृह काढले, वाफ आणि मालिश सुरू केली, आणि पुढे तो राजा चौथा जॉर्ज याचा 'शाम्पूइंग सर्जन' झाला. चंपी विलायतेत जाऊन सर्जन झाली, आपल्या फुटपाथवर मात्र चंपीच राहिली.

आमच्या घरात मालिशचा खरा कोश होती ती एकाची आई आणि दुसरीची सासू. पैठण तालुक्यातल्या खेड्यात त्या सुईणपण करीत. गावोगाव हे काम बहुधा आपल्या आणि मातंग समाजातल्या बायांच्या वाट्याला येई. बाळंतिणीचे अंग चोळणे, बाळाला पाय लांब करून पायांवर घेऊन न्हाऊ-माखू घालणे, टाळू भरणे, ही सगळी त्यांचीच कामे. मजुरी म्हणून सुपात ज्वारी मिळे, तीही वरून टाकलेली. ज्या हातांनी बाळाचा जीव सांभाळला त्या हातांचे पाणी मात्र घरात चालत नसे. आमच्या आईला अक्षर येत नव्हते. पण तिच्याकडे चोळणे वेगळे होते, रगडणे वेगळे, मळणे वेगळे, दाबणे वेगळे, चेपणे वेगळे, थोपटणे वेगळे, चोपणे वेगळे. "पोटावर रगडू नाही, पोटावर निसता हात उतरवावा," असे ती सुनेला सांगे. काशाच्या वाटीने तळपाय घासताना एरंडेल किती घ्यायचे, वाटी कोणत्या बाजूने धरायची, हे तिला ठाऊक होते. परिचारिकेचे शिक्षण घेताना आमच्यातल्या दुसरीला इंग्रजी पुस्तकात जे धडे मिळाले त्यातले पुष्कळसे तिने सासूच्या हातात पाहिले, आणि काही गोष्टी चुकीच्याही पाहिल्या. नाळेला शेण किंवा राख लावणे ही त्यातली एक. ती पद्धत सुनेने सासूशी भांडून बंद करवली. जुने ते सगळे सोने असे आम्ही मानत नाही. पण रशियन पत्रकातला एखादा शब्द अडला की आजही आम्ही एकमेकांना विचारतो, "आई याला काय म्हणाली असती?" दहापैकी आठ वेळा उत्तर मिळते.

या विषयाचा शोध घेताना एक गोष्ट हाती लागली ती वाचकांना आवडेल. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या स्नानाचे नियम आहेत. त्यात अंग घासण्याच्या साधनांचीही चर्चा आहे. दात कोरलेल्या 'मल्लक' नावाच्या साधनाने अंग घासण्यास भगवान बुद्धांनी मनाई केली. नंतर एका आजारी भिक्खूला त्यावाचून बरे वाटेना, तेव्हा आजाऱ्याला दात न कोरलेला मल्लक वापरण्याची मुभा दिली. पाठ चोळायची तर साध्या हाताने चोळण्याची अनुमती दिली. म्हणजे कोणते साधन, कोणासाठी, कोणत्या स्थितीत, हा विचार त्या काळी झाला होता. आणि मल्लक नेमका दिसायचा कसा, याचे स्पष्टीकरण पुढे अट्ठकथाकारांना द्यावे लागले. वस्तू डोळ्यांआड गेली की शब्द कसा पोरका होतो, ते पाहा. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा कोश तयार केला होता, तो महाराष्ट्र शासनाने 1998 साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापला. इतक्या धकाधकीच्या आयुष्यात माणूस एकेका शब्दाला अर्थ लावत बसतो, हे आठवले की आमच्या दर शब्दामागे मिळणाऱ्या काही रुपयांच्या कामाचाही कंटाळा येत नाही.

आता काट्यांकडे वळू. रशियात घरोघरी आढळणारे साधन म्हणजे काट्यांची चटई. सोव्हिएत काळात, 1980 च्या आसपास, कुझ्नेत्सोव नावाच्या संगीत शिक्षकाने ते पुढे आणले. कापडावर प्लॅस्टिकच्या चकत्या शिवलेल्या आणि प्रत्येक चकतीवर टोकदार काटे. नाव पडले 'इप्लिकातर'. 'इग्ला' म्हणजे सुई आणि 'आप्लिकातर' यांची ती जोडी. पुढे युक्रेनमधल्या दोनेत्स्कच्या ल्याप्को नावाच्या डॉक्टरांनी रबरावर धातूच्या सुया बसवलेला प्रकार काढला. स्वीडनमध्येही अशी चटई पुढे फार खपली. इंग्रजीत 'इग्ला' चे शब्दशः नीडल केले की गिऱ्हाइकाला इंजेक्शन आठवते आणि सरकारी कार्यालयाला कातडी भेदणारे साधन आठवते. ही टोके कातडी भेदत नाहीत, नुसती टोचतात. म्हणून आम्ही स्पाइक लिहितो. मराठीत काटा. काही चटया दोन प्रकारच्या येतात, त्यातल्या एकीवर 'अधिक ओस्त्री' असे लिहिलेले असते. ओस्त्री म्हणजे टोकदार, ओस्त्री म्हणजे तीव्र, आणि जेवणाच्या पानावर ओस्त्री म्हणजे तिखट! त्याच पत्रकात खाली 'ओस्त्री' दाह असेल तर वापरू नये असेही असते. तिथला अर्थ तीव्र, नुकता उठलेला. एकाच पानावर एकाच शब्दाचे दोन वेगळे इंग्रजी करावे लागते.

व्यापाऱ्याची इच्छा होती की पत्रकात 'भारतीय योग्यांची प्राचीन खिळ्यांची शय्या' असे काहीतरी यावे. मूळ रशियनमध्ये तसे एक अक्षर नव्हते. खिळ्यांवर निजण्यात कसलीही सिद्धी नाही, साधे गणित आहे. साठ किलोचा माणूस सहा हजार टोकांवर भार टाकून निजला तर एका टोकावर सरासरी दहा ग्रॅम येतात. तोच माणूस त्या चटईवर उभा राहिला तर सगळा भार तळपायांखालच्या दोन-तीनशे टोकांवर येतो, म्हणजे एकेका टोकावर दोनशे-तीनशे ग्रॅम. बुवा निजतो, उभा राहत नाही, त्याचे कारण हेच.

आणि हे गणित आम्हाला जिथे नेऊन पोहोचवते तिथे गंमत संपते. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची तपासणी करताना नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायावर टेकवतात. तो दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. तेवढा दाब ज्याला कळत नाही त्याच्या पायाची राखणदार संवेदना गेली असे समजतात. असा माणूस काट्यांच्या चटईवर उभा राहिला तर त्याला दुखत नाही. तो म्हणतो, मला तर काहीच टोचत नाही, फार छान आहे. संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसते. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाचेही असेच. पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गाठ असलेल्याची पोटरी रगडली तर गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि त्याने माणूस दगावतो. परिचारिकेच्या नोकरीत आमच्यातल्या एकीने असे पाय पाहिले आहेत. बोटे काढावी लागलेली माणसेही पाहिली आहेत.

म्हणून पत्रकातला सर्वांत जड शब्द आमच्या मते 'प्रतिवपकझानिया' हा आहे. 'पकझानिया' म्हणजे कोणासाठी वापरावे आणि 'प्रतिवपकझानिया' म्हणजे कोणी वापरू नये. हा 'प्रतिव' म्हणजे आपल्या संस्कृत 'प्रति'चा आणि पाली 'पटि'चा सख्खा चुलतभाऊ. पटिच्चसमुप्पाद म्हणणाऱ्याला तो परका वाटू नये. रशियाच्या 2006 च्या जाहिरात कायद्यात अशी तरतूद आहे की वैद्यकीय साधनाच्या जाहिरातीत, साधन वापरू नये अशा काही स्थिती आहेत, तज्ज्ञाला विचारा, हा इशारा असलाच पाहिजे आणि छापील जाहिरातीत त्याने किमान पाच टक्के जागा घेतली पाहिजे. पत्रकात तर पूर्ण यादीच असते: गरोदरपण, कर्करोग, शिरांतल्या गाठी, त्वचेचे रोग, त्या जागेवरचे तीळ आणि चामखीळ.

आमच्या व्यापाऱ्याला ही यादी नको होती. "मॅडम, एवढं सगळं लिहिलं तर घेईल कोण? दोन ओळीत आटपा ना." दुसरी मागणी याच्या उलट होती. रशियनमध्ये 'सपसोब्स्त्वुयेत' असा शब्द होता, म्हणजे हातभार लावते. रक्ताभिसरण सुधारायला हातभार लावते. त्याला तिथे 'बरे करते' हवे होते, आणि रक्ताभिसरणाच्या जागी मधुमेह आणि लकवा. आम्ही त्याला सांगितले की औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या जाहिरातींविषयीचा कायदा 1954 सालापासून आहे आणि मधुमेह, लकवा, कर्करोग ही नावे त्याच्या अनुसूचीतच आहेत. 2017 च्या वैद्यकीय साधनांच्या नियमांनी तर साधनांचे धोक्यानुसार चार वर्ग केले आहेत. रशियन पत्रकावर '2 अ' लिहिले असेल तर आम्ही तेच लिहितो, आपल्या मनाने त्याला आपल्याकडचा वर्ग लावत नाही. तो म्हणाला, "सर, तुम्ही भाषांतर करा, वकिली करू नका." आम्ही म्हणालो, यादीतली एक ओळ जरी गाळली तरी 'मुळाबरहुकूम भाषांतर' या दाखल्यावर सही होणार नाही. उरलेले पैसे त्याने दोन महिने अडवून धरले. शेवटी सहीवाचून त्याचेच कागद अडले, तेव्हा पूर्ण यादी छापली. मात्र अक्षर इतके बारीक की चष्मा लावूनही वाचवत नाही. अक्षराच्या आकारावर भाषांतरकाराचा हक्क चालत नाही.

पण इंग्रजीत छापून तरी उपयोग कोणाला? आमच्या गल्लीतल्या मावशींना पंधरा वर्षांचा मधुमेह. मुलाने प्रेमाने बाजारातून काट्यांची पायपट्टी आणून दिली, ती आम्ही केलेल्या मालातली नव्हती, पण वस्तू तीच. खोक्यात इंग्रजी कागद होता. मावशींना सही येते, तेवढेच. सूनबाई दहावी शिकलेली, तिने कागद उलटसुलट पाहिला आणि ठेवून दिला. मावशी आम्हाला कौतुकाने सांगू लागल्या, "काही टोचत नाही बघ सिस्टर, नुसतं गार गार वाटतं." सिस्टरने तिथेच ओट्यावर त्यांचा पाय मांडीवर घेतला, डोळे मिटायला लावले आणि टेकवलेला कापूस कुठे लागतो ते विचारले. डाव्या पायाच्या तीन बोटांना काही कळत नव्हते. टाचेजवळ दोन लाल ठिपके होते, जखम अजून झाली नव्हती. पायपट्टी परत गेली आणि मावशींना दुसऱ्या दिवशी घाटीत नेले.

त्या रात्री आम्ही एक पान मराठीत लिहिले. वर मोठ्या अक्षरांत: साखरेचा आजार असेल तर आधी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या, तोपर्यंत काट्यांवर उभे राहू नका. मग: पोटात बाळ असेल तर वापरू नका. एकाच पोटरीला सूज आली असेल, ती गरम लागत असेल तर चोळू नका, चोळून घेऊ नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखम, गजकर्ण, तीळ, चामखीळ यांवर ठेवू नका. अंगात गाठ असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. एकाचे साधन दुसऱ्याने धुतल्याशिवाय वापरू नका. 'प्रतिवपकझानिया' ला आम्ही नुसते 'कोणी वापरू नये' असे लिहिले. पानाच्या पन्नास झेरॉक्स काढल्या, त्यातल्या काही महिला मंडळाच्या ताई घेऊन गेल्या. एक वाक्य त्यांनी आमच्याकडून आणखी घालून घेतले: बाळंतिणीला चोळणाऱ्या बाईला चहा कपबशीतून द्या आणि पैसे हातात द्या.